कुंपणाला आलेला गोवर

३ फेब्रुवारी

दादा,

'प्रिय' लिहून खोडलं, असं समजू नकोस. लिहिलंच नाही. इतक्या वर्षांनी एकदम प्रिय लिहायचं तर आधी एक गोष्ट स्वच्छ व्हायला हवी, आणि ती तुझ्या हातात आहे.

तुझा पत्ता आत्याने दिला. तिच्याकडे तो कुठून आला असं विचारलं, तर म्हणाली, "तू छापखान्यात कशाला गेलीस गं, पोलिसात जायचं होतंस." म्हणजे तुमचं दोघांचं बोलणं चालू आहे. असू दे.

बाबांनी जोडायच्या प्लास्टिकच्या विटांचे सगळे जुने संच खेळण्यांच्या संग्रहालयाला द्यायचं ठरवलं आहे. हो, बाबांनी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना मागच्या खोलीतल्या कपाटांपर्यंत जाता येत नाही. ज्या विटांना हात लावता येत नाही त्या घरात ठेवून काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. गाडी पंचवीस तारखेला येणार आहे. त्याआधी प्रत्येक पेटी उघडायची, आतला एकेक भाग पाहायचा आणि संग्रहालयाच्या तक्त्यावर चढवायचा. दिवसभर मुद्रितं तपासणाऱ्या मुलीला हे जमेल, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं. मी रजा काढली आहे.

आता मूळ मुद्दा. तिथे प्रत्येक संचासमोर काचेवर एक पाटी लागते. संच कुठून आला, पुरा आहे का, काही बदललेलं आहे का, कोणी बदललं. 'बागेतलं घर' या संचाच्या पाटीवर बाबांना एक वाक्य हवं आहे: 'या संचातले काही भाग संग्राहकाच्या मुलाने बदलले.' मला सांगून झालं, बाईंनाही सांगून झालं. बाई म्हणजे संग्रहालयाच्या नोंदणीच्या बाई. दर गुरुवारी येतात, पांढरे हातमोजे घालतात आणि मी तपासलेल्या विटा पुन्हा तपासतात. त्या म्हणाल्या, यादी करणाऱ्याची सही असेल तर वाक्य छापू. यादी करणारी मी.

म्हणजे हे तू केलंस यावर मी सही करायची आहे. आणि ते वाक्य काचेवर राहणार, आपण सगळे गेल्यावरही.

'बागेतलं घर' काल उघडलं. त्या दिवसानंतर बाबांनी ते कधी उघडलं नव्हतं, त्यामुळे आत सगळं तसंच जुळवलेलं आहे. छपराच्या लाल विटा जागेवर आहेत. कुंपण हिरवं हवं, त्यात मध्येमध्ये लाल विटा बसवल्या आहेत. मला तो प्रदर्शनाचा हॉल आठवला. मी तेरा वर्षांची होते. बाबांनी झाकण काढलं, परीक्षक वाकून पाहायला लागला आणि म्हणाला, "कुंपणाला गोवर आलाय का हो?" सगळे हसले. बाबा हसले नाहीत. वळून तुझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, यानेच बदलल्या. त्यावर तू काहीच बोलला नाहीस. तिथे नाही, घरी नाही, सामान घेऊन निघालास तेव्हाही नाही. निर्दोष माणूस बोलतो, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

मी अजून काही लिहिलेलं नाही. तुझ्याकडून कळल्याशिवाय लिहिणार नाही. बदलल्यास का, हो किंवा नाही, एवढं कळव.

शंकासूर
(हे नाव तूच ठेवलं होतंस, म्हणून.)


९ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. पत्र पोचलं आहे हे मला माहीत आहे, कारण आत्या परवा मागच्या अंगणात फोनवर बोलत होती आणि मी दिसल्यावर "हो हो, दूधवाल्याला सांगते," म्हणाली. दूधवाल्याशी एवढ्या हळू आवाजात कोणी बोलत नाही.

तुला एक नवीन गोष्ट विचारायची आहे. पण ती कशी सापडली हे आधी सांगते, नाहीतर तू म्हणशील की मी उगाच खुसपट काढते.

बाबांचा नियम तुला पाठ असणारच. आधी आकार, मग साच्याचा आकडा, मग वीट कुठे घासली-तुटली आहे ते, आणि रंग सगळ्यात शेवटी. आपल्याला दोघांना किती उशिरा शाळेत घातलं, तोवर आपली शाळा म्हणजे मागची खोली. बेरीज विटांवर, भूमिती विटांवर, मराठीचं शुद्धलेखनसुद्धा विटांच्या वर्णनावर. मी एकदा सुरुवातच 'लाल वीट' अशी केली तर बाबांनी टेबलावर हात आपटला होता. "रंग काय, कुणीही सांगेल," असं म्हणाले होते. मग ती वही तपासली. बाबांचं ते तपासायचं लाल पेन आठवतं का? आईने त्याला दोरा गुंडाळून ठेवला होता, हरवू नये म्हणून.

तर संग्रहालयाच्या तक्त्यात पहिलाच रकाना रंगाचा. बाबांनी तक्ता हातात घेतला आणि म्हणाले, "हा काय रंगाऱ्याने केलाय?" पण बाई ऐकेनात. त्यांच्याकडे सगळं रंगाने लावतात. मग मी सगळ्या पेट्यांतले भाग रंगाप्रमाणे लिहायला घेतले. आणि लालचं पान भरत आलं तेव्हा मला शेवटच्या रकान्यात तेच तेच दिसायला लागलं: 'आतल्या कडेला बारीक खाच.' आठ बटणांच्या विटेला, चार बटणांच्या, उताराच्या, कमानीच्या. बाबांच्या पद्धतीने लिहिलं असतं तर या खाचा पानापानांत पांगल्या असत्या आणि कोणाच्या डोळ्यांत आल्या नसत्या. हिरव्याला खाच नाही. पिवळ्याला, निळ्याला, पांढऱ्याला नाही. फक्त लालला. त्या खाचा झिजून पडलेल्या नाहीत. कोणीतरी कानशीने केल्या आहेत, सगळ्या एकाच कोपऱ्यात, नखाला लागतील इतक्याच.

कुंपणातल्या लाल विटांना मात्र खाच नाही. त्यांच्या आतला साच्याचा आकडाही वेगळा आहे. त्या आई गेल्यानंतर बाबांनी बंद पडलेल्या दुकानातून आणलेल्या खोक्यातल्या आहेत, ज्यात सुट्या लाल आणि हिरव्या विटा एकत्र होत्या. तेवढं मला ओळखता येतं.

बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाल्या, ज्याने ही खूण केली त्याला विटा ओळखायच्या होत्या. मला एकच अर्थ लागतो. खऱ्या जुन्या लाल विटा कोणत्या, हे तुला कळावं म्हणून तू खुणा करून ठेवल्यास. पुढेमागे काढून न्यायला सोप्या. आणि उरलेला नवा माल कुंपणात भरलास. तुझ्याकडे याहून बरा अर्थ असला तर मला हवा आहे.

बाबांना विचारलं. मान वर न करता म्हणाले, "साच्यातला दोष आहे. दोष म्हणून लिही." पेपरचं पान उलटलं. फार लगेच बोलले. बाबा विटांबद्दल कधीही लगेच बोलत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. तुमचं दोघांचं काय आहे ते मला कळत नाही, पण काहीतरी आहे.

शंकासूर


१५ फेब्रुवारी

दादा,

तुझं पाकीट मिळालं.

आत्याने ते माझ्या हातात दिलं आणि कोणाचं आहे हे विचारलंसुद्धा नाही. एरवी विजेचं बिल आलं तरी ती विचारते. मी मागच्या खोलीत नेऊन उघडलं. आत वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली आईची नखं घासायची कानस. पांढऱ्या मुठीची, मुठीला तडा गेलेली. चिठ्ठी नाही. मी पाकीट फाडून सपाट करून पाहिलं. खरंच नाही.

आई गेल्यावर तिचा डबा उघडला तेव्हा कानस त्यात नव्हती. मी तेव्हा मनात आत्यावर संशय घेतला होता आणि कितीतरी दिवस तिच्या नखांकडे बघत होते. ती तुझ्याकडे होती तर.

कानस खाचेत घालून पाहिली. बसते. दहा-बारा विटांत पाहिली, सगळ्यांत बसते. म्हणजे तू मला हो किंवा नाही असं कळवायच्या ऐवजी हत्यारच पाठवून दिलंस. तुझा स्वभाव बघता हे 'हो' आहे असं मी धरते. तोंड उघडायचं नाही, समोरच्याने काय समजायचं ते समजावं. बाबाही असेच. दोघं एकाच साच्यातले आहात आणि मला मधे उभं केलं आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मी काही लिहिलेलं नाही. ते खरं नव्हतं. बाबांनी सांगितलं त्याच दिवशी ते वाक्य मी तक्त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं. पेन्सिलीचं खोडता येतं, म्हणून ते लिहिण्यात मोजत नव्हते. आता त्यावर शाई फिरवायला हरकत नाही, असं दिसतं.

पण अजून फिरवलेली नाही. मला एक गोष्ट खटकते, आणि खटकते तोवर मी सही करत नाही, छापखान्यातही करत नाही. चोराने खुणा केल्या असत्या तर जिथे त्याचं काम होतं तेवढ्याच विटांना केल्या असत्या. इथे घरातल्या प्रत्येक पेटीतल्या प्रत्येक लाल विटेला आहे. कोणालाही नको असलेल्या, कडा उडालेल्या विटेलासुद्धा. इतकं मन लावून कोण चोरी करतं?

गुरुवारी बाई शेवटच्या येतील. त्या म्हणतात, पाटीचा मजकूर त्या दिवशी हवा.

मी


२० फेब्रुवारी

दादा,

हे पत्र बसून वाच. आणि आत्याला फोन करू नकोस, तिला सगळं माहीत आहे. तिला आधीपासून माहीत होतं.

मामाने 'दीपगृह' परत पाठवलं. आपल्या घरातला तो जुना विनोद, मामाने नेलेला संच. बाईंना संग्रह पुरा हवा म्हणून मी मामाला फोन केला होता. कुरियरने पेटी आली आणि मागोमाग त्याचा फोन. म्हणाला, "घे बाई तुझं दीपगृह, आता तरी मला चोर म्हणायचं थांबवा. तुझा दादा पाळण्यात होता तेव्हा नेलं होतं, माझ्या पोरांनी दोनदा खेळून टाकून दिलं."

मी पेटी उघडली. लाल आणि पांढरे पट्टे. पांढऱ्या विटा कोऱ्या. लाल विटांना, सगळ्यांना, त्याच कोपऱ्यात खाच.

तू पाळण्यात होतास. पाळण्यातलं पोर कानस धरत नाही. म्हणजे खाचा तुझ्या नाहीत. मग कानस जिची, तिच्याच असणार.

मला आधी आईचाच संशय आला, आणि त्याची लाज वाटायलाही वेळ मिळाला नाही, कारण पुढचा प्रश्न लगेच आला: आईला लाल विटा कोणासाठी ओळखायच्या होत्या? तिला तर दिसत होत्या.

मग मी बाबांच्या हाताकडे पाहत बसले. त्यांना वीट दिली की ते काय करतात, तुला आठवतं? वीट उलटी करून अंगठा आत घालतात. आपल्याला वाटायचं साच्याचा आकडा चाचपतात. मीही तसंच करायला शिकले, अजून करते. पण आकडा मधोमध असतो आणि बाबांचा अंगठा कोपऱ्यात जातो. मग एकेक आठवायला लागलं. बाजारात टोमॅटो घेताना बाबा एकही नुसता पाहून घ्यायचे नाहीत, प्रत्येक दाबून बघायचे. ते लाल पेन. हरवू नये म्हणून पेनाला दोरा कोण गुंडाळतं, दादा? आणि रंग सगळ्यात शेवटी. रंग काय, कुणीही सांगेल.

तरी मी मानायला तयार नव्हते. मनात आलेलं सगळं खरंच असतं असं नाही, हे मी तुझ्या बाबतीत आत्ताच शिकले होते. म्हणून एक काम केलं. भंगाराच्या डब्यात एक हिरवी वीट होती, बटण तुटलेली, यादीत न जाणारी. ती घेतली आणि आईच्या कानशीने तिच्या आतल्या कोपऱ्यात खाच केली. जुन्या विटेला कानस लावताना बाईंनी पाहिलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं, आपल्याच घराबाहेर.

दुपारी बाबा खिडकीपाशी बसले होते, ऊन थेट मांडीवर. मी ती वीट त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, "बाबा, ही कुठल्या डब्यात टाकू?"

त्यांनी उलटी केली, अंगठा आत घातला.

"लाल," म्हणाले.

"नक्की?"

"डोळे नाहीत का तुला? लाल आहे," असं म्हणून वीट माझ्या हातात परत दिली.

हिरवीगार वीट, दादा. उन्हात धरलेली.

आत्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या खिशातून काही काढून घेतलं आहे. स्वयंपाकघरात गेल्यावर ती भांडी आवरत म्हणाली, तुझा बाप लहानपणापासून तसाच आहे. आमची आई त्याच्या शर्टांच्या आत टाके घालून ठेवायची, हिरव्याला एक, लालला दोन. तुझ्या आईला ते लग्नानंतर आपलं आपणच कळलं. मी विचारलं, मग कोणी बोललं का नाही कधी? तर म्हणाली, "कशाला बोलायचं? चाललं होतं की." जणू मी तिला विचारलं होतं, नळ का बदलला नाही.

तर कुंपणात लाल विटा कोणी बसवल्या हे मला कळलं. बाबांनी स्वतः. खाच लागली की लाल, न लागली की हिरवी. दुकानातून आणलेल्या त्या खोक्यातल्या लाल विटांना खाच नव्हती, म्हणून त्या हिरव्या म्हणून कुंपणात गेल्या. खाच असलेली एकही लाल वीट चुकीच्या जागी नाही. मी पुन्हा सगळं तपासलं. एकही नाही.

पेन्सिलीचं वाक्य मी खोडलं आहे. त्याची खूण कागदावर राहिली आहे, ती जात नाही.

पण तू लगेच मोकळा झालास असं समजू नकोस. कारण आता मला दुसराच प्रश्न पडला आहे, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट आहे. आईची कानस तुझ्याकडे कशी आली? तिने दिली असणार. आजारी असताना, मला न सांगता, कारण मी लहान आणि फाटक्या तोंडाची. आणि कानस देऊन काय सांगितलं असेल हे आता मला कळतं. नवा माल आला तेव्हा आई नव्हती, कानस तुझ्याजवळ होती, आणि त्यातल्या एकाही विटेला खाच नाही.

हेच तर सांगायचं होतं ना तुला, कानस पाठवून?

तुझी बहीण


२६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

गाडी काल गेली. मागची खोली इतकी मोकळी आहे की बोललं तर आवाज घुमतो. आत्या दोनदा जाऊन बोलून आली.

पाटीचं सांगते.

गुरुवारी बाई यायच्या आधी मी यादी घेऊन बाबांसमोर बसले आणि म्हणाले की सही करायच्या आधी यादी वाचून दाखवते. ते म्हणाले, वाच. मी लालच्या पानापासून सुरुवात केली. "आठ बटणांची वीट. लाल. आतल्या कोपऱ्यात खाच, आईने केलेली." तिथे थांबले नाही. पुढची वाचली. "चार बटणांची वीट. लाल. आतल्या कोपऱ्यात खाच, आईने केलेली." तसंच पान संपेपर्यंत. ज्या यादीवर सही करायची ती खरी असायला हवी, एवढंच माझ्या मनात होतं. पण वाचता वाचता माझा आवाज मलाच नको झाला.

बाबा खिडकीबाहेर पाहत होते. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "दोष म्हणून लिही म्हटलं होतं."

मी म्हणाले, दोष नाही तो.

मग म्हणाले, "नव्या मालाला त्याने खाचा केल्या नाहीत. खोकं त्याच्याच टेबलावर ठेवलं होतं. परत माझ्याकडे आलं, मला वाटलं झालं काम."

"तुम्ही त्याला करायला सांगितलं होतंत का?"

"सांगायचं काय त्यात? तुझ्या आईला कधी सांगितलं होतं?"

दादा, मी छापखान्यात रोज दुसऱ्यांची वाक्यं तपासते, कुठे काय गळलं आहे ते शोधते. आपल्या घरात काय गळलं होतं ते मला त्या खुर्चीसमोर बसून दिसलं. त्यांना माहीत होतं. हॉलमध्ये तो माणूस गोवर म्हणाला त्याच क्षणी त्यांना कळलं होतं की विटा कोणी बसवल्या आणि का. मी तेही विचारलं. म्हटलं, मग त्याने बदलल्या असं का म्हणालात?

"दुसरं काय म्हणणार होतो? लोक उभे होते."

त्यांनी एवढंच सांगितलं. माफी वगैरे त्यांना येत नाही, ती मी त्यांच्याकडून आणून तुला देऊ शकत नाही.

बाई आल्या, हातमोजे चढवले, पाटीचा कागद पुढे केला. बाबांनी मला पेन उघडायला लावलं. मला वाटलं ते जुनंच वाक्य सांगतील आणि मला समोरासमोर नाही म्हणावं लागेल. तयारी करून बसले होते. ते म्हणाले, "लिही. कुंपणाची मांडणी संग्राहकाची."

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी विचारलं, मग या लाल विटा काढून हिरव्या घालायच्या का, आमच्याकडे आहेत. बाबा म्हणाले, "नको. गोवर आहे तसा राहू दे." बाई हसल्या, कारण त्यांना तो विनोद वाटला. बाबाही थोडे हसले. मी सही केली.

यादीतल्या खाचांपुढे मी 'दोष' लिहिलेलं नाही. 'घरातली खूण' असं लिहिलं आहे. बाई म्हणाल्या, कसली खूण ते लिहा. मी म्हणाले, एवढंच माहीत आहे. खोटं बोलले. या घरात मी एकटीच असं काही बोलत नाही, असा माझा समज होता, तोही गेला.

आता दोन गोष्टी. त्या दुकानातल्या खोक्यात उरलेल्या सुट्या विटा बाबांनी संग्रहालयाला दिल्या नाहीत. ऐन वेळी म्हणाले, त्या माझ्याकडे राहू देत. काल संध्याकाळी मी त्यांच्यासमोर ताटात ओतल्या, लाल-हिरव्या एकत्र. ते बराच वेळ एकेक उचलून अंगठा आत घालत होते आणि परत ठेवत होते. कुठली कोणती, हे त्यांनी मला विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. आत्याने विचारलं, "कानस कुठे आहे गं?" आणि माझ्याकडे न बघता बाबांकडे बघत विचारलं. बाबा म्हणाले, "ज्याची आहे त्याला विचार." कानस तुझ्याकडे होती हे त्यांना कोणीही सांगितलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट. खाचा करायच्या तुझ्याकडून राहून गेल्या, की मुद्दाम केल्या नाहीस? आई नुकती गेली होती, बाबांशी तुझं पटत नव्हतं, आणि चारचौघांत त्यांची फजिती व्हावी असं तुला एक दिवस वाटलं असेल तर मी समजू शकते. राहून गेलं असेल तर तेही समजू शकते. दोन्हीतलं कुठलं, हे मला चार दिवस उलगडत नाहीये, आणि कळल्याशिवाय मला राहवत नाही, तुला माहीत आहे. तू गप्प राहिलास ते त्यांना झाकण्यासाठी की स्वतःला, हेही त्यातच आलं.

पण हे पत्राने कळवू नकोस, येऊन सांग. तू पत्रात काय लिहितोस ते मी पाहिलं आहे. ताट खिडकीपाशी आहे, त्यात लाल किती आहेत ते बाबांना माहीत नाही. कानस माझ्याकडे आहे आणि मी ती पोस्टाने परत पाठवणार नाही.

तुझी
शंकासूर